षड्जाला आकडा नसतो

तंबोऱ्याच्या चार तारांमधून, कुणीही न छेडलेला गंधार कसा ऐकू येतो, हे दाखवून झालं की श्रोत्यांचे प्रश्न सुरू होतात. निवृत्त झाल्यापासून मी नादाच्या भौतिकशास्त्रावर बोलायला कुणी बोलावलं की जाते, आणि अलीकडे पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: “मॅडम, हा तंबोरा ४३२ वर लावलाय की ४४० वर?” वाद्यं ज्या प्रमाण स्वराला जुळवतात, त्याची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं (किती हर्ट्झ), याचे हे दोन आकडे. विचारणाऱ्याच्या फोनवर एक चित्रफीत असते. थरथरणाऱ्या पत्र्यावर वाळू पसरलेली, ४३२ हर्ट्झला तिचं कमळ होतं, ४४० ला ती विस्कटते. मग सभागृहात दोन तट पडतात. एक म्हणतो, सृष्टीचा मूळ स्वर ४३२ चा आहे आणि आपल्याला मुद्दाम ४४० वर नेऊन ठेवलंय. दुसरा म्हणतो, हे सगळं थोतांड आहे, एवढा फरक कानाला कळतसुद्धा नाही. दहा मिनिटांत गंधार बाजूला पडतो, आणि ज्यासाठी मी तंबोरा उचलून आणलेला असतो ती गोष्ट राहूनच जाते.

माझं म्हणणं आधीच सांगते. दोन्ही तट चुकतात, आणि एकाच जागी चुकतात. स्वर म्हणजे एक सुटा आकडा, असं दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. संगीताचा आकड्यांशी संबंध नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं सगळं आयुष्य मोजमापात गेलं आणि त्यातला आनंद अजून संपलेला नाही. पण संगीतात ज्या आकड्याला अर्थ असतो, तो दोन स्वरांमधल्या गुणोत्तराचा. एकट्या स्वराची वारंवारिता हा माणसांनी सोयीसाठी केलेला करार आहे. तो बदलला तरी राग बदलत नाही. गुणोत्तर बदललं तर मात्र बदलतो. आणि गुणोत्तरांचा एक खराखुरा बिघाड त्याच सभागृहातल्या पेटीत रोज वाजत असतो, त्याबद्दल मला आजवर एकानेही प्रश्न विचारलेला नाही.

४३२ च्या बाजूचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: ४४० मध्ये पवित्र, नैसर्गिक किंवा वैज्ञानिक असं काहीच नाही. संगीतकार हँडेलचा म्हणून जो नादकाटा (ठोकला की एकच ठरलेला स्वर देणारा धातूचा काटा) जपून ठेवला आहे, तो ४२२.५ चा आहे. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवला. तो ठरवणाऱ्या समितीवर रोसिनी आणि बर्लिओझसारखे संगीतकार होते, तसा लिसाजूसारखा भौतिकशास्त्रज्ञही होता. १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेने तोच स्वीकारला, आणि हा करार इतका गंभीरपणे घेतला गेला की पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातही त्याचा उल्लेख सापडतो. पुढे १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० ठरला. ब्रिटिशांना खरं तर ४३९ सोयीचा होता. पण प्रसारणासाठी लागणारा प्रमाण स्वर दहा लाख हर्ट्झच्या स्फटिकापासून भागाकार-गुणाकार करून मिळवायचा होता, आणि ४३९ ही मूळ संख्या. ती त्या रीतीने सहज निघेना, ४४० निघाला. इतकं व्यावहारिक कारण! कुणी कट केला, युद्धखोरांनी लोकांना अस्वस्थ करायला हा आकडा लादला, या गोष्टीला मात्र आधार नाही. १८३४ मध्येच योहान शाइब्लर नावाच्या जर्मन रेशीम कारखानदाराने स्टुटगार्टच्या शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात ४४० सुचवला होता. त्याने नादकाट्यांची एक लांबलचक मालिका तयार केली होती. शेजारशेजारचे दोन काटे एकदम वाजवायचे आणि आवाज सेकंदाला किती वेळा हेलकावतो ते मोजायचं, एवढ्या साधनावर त्याने अचंबा वाटावा इतक्या काटेकोर वारंवारिता काढल्या. शाळेच्या पुस्तकात या हेलकाव्यांना विस्पंद म्हणतात. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसरा मुद्दाही मला मान्य आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. खालच्या पट्टीत तेच संगीत खरोखर वेगळं लागतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातले वाद्यवृंद आवाज जास्त झळाळावा म्हणून पट्टी चढवत गेले आणि त्याची किंमत गायकांच्या गळ्यांनी मोजली. इटालियन ऑपेरांचा संगीतकार वर्दी पट्टी खाली आणण्याच्या बाजूने होता तो यासाठी. १८८४ मध्ये त्याने ४३२ ला पाठिंबा दिला, म्हणून त्याचं नाव आज या आकड्याला चिकटलं आहे. पण मुळात तो फ्रेंच ४३५ च्याच बाजूचा होता. इटलीतल्या गणितज्ञांना ४३२ हवाय आणि दोन्हींतला फरक कानाला जेमतेम जाणवणारा आहे, म्हणून त्याने होकार दिला. आणखी एक गोष्ट त्या बाजूने सांगायला हवी. तारेचा ताण वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ४४० वरून ४३२ वर उतरताना ताण साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी होतो. तार वेगळी बोलते, लाकूड वेगळं उत्तर देतं, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिच्यावर तार टेकण्याची ठेवण, पुन्हा जुळवावी लागते. एखाद्या वाद्याला तो कमी ताण मानवत असेल आणि ते जास्त गोड वाजत असेल, तर ऐकणारा खोटं बोलत नाही. २०१९ मध्ये इटलीत ३३ जणांवर एक छोटा प्राथमिक अभ्यासही झाला आणि ४३२ ला हृदयाचे ठोके थोडे कमी आढळले. तो हसण्यावारी नेऊ नये. पण तिथे तुलना फक्त या दोन आकड्यांची होती. संगीत थोडं खाली उतरवल्याने मन निवलं की नेमकं ४३२ वर आल्याने निवलं, हे त्यावरून कसं कळणार? त्यासाठी ४२८ आणि ४३६ सुद्धा ऐकवायला हवेत.

इथून पुढे मात्र मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. आपल्याकडे या आकड्याची ओढ लागण्याचं कारण उघड आहे: १०८ ची चौपट ४३२, कलियुगाची वर्षं ४,३२,०००. पण ‘४३२ हर्ट्झ’ म्हणजे सेकंदाला ४३२ आवर्तनं. मग सेकंद कुठून आला? दिवसाचे २४ तास, तासाची ६० मिनिटं, मिनिटाचे ६० सेकंद, ही विभागणी माणसांची, आणि ज्या परंपरेच्या नावाने हा आकडा सांगितला जातो तिची तर नव्हेच. आपल्या कालगणनेत दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. एक विपळ म्हणजे ०.४ सेकंद. त्या मापाने ४३२ हर्ट्झ म्हणजे विपळाला १७२.८ आवर्तनं, पूर्णांकसुद्धा नाही. आणि ज्याला कृत्रिम म्हणून नावं ठेवली जातात तो ४४० विपळाला बरोबर १७६ भरतो. म्हणून मी ४४० ला दैवी म्हणू का? अजिबात नाही. एकक बदललं की ज्या संख्येचं पावित्र्य उडून जातं, ते पावित्र्य स्वरात नव्हतं, मोजपट्टीत होतं, एवढंच मला दाखवायचं आहे. पृथ्वीच्या वातावरणातल्या विद्युतचुंबकीय स्पंदनांचा दाखलाही असाच. त्यांची पायाभूत वारंवारिता सुमारे ७.८३ हर्ट्झ आहे, ती स्थिर नसते, ती ध्वनीची नाही, आणि ४३२ ला तिने भागल्यावर ५५ च्या पुढे अपूर्णांक उरतो.

आपल्या संगीतात हा वाद शिरलाच कसा, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. ४४० हा वाद्यवृंदाचा करार आहे. शंभर वाद्यांनी एकत्र वाजायचं तर कुठेतरी एकमत हवं. आपला गायक काय करतो? सकाळी गळा कसा आहे ते पाहतो आणि षड्ज धरतो. कुणाची काळी एक, कुणाची काळी चार, तर कुणाचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी, आणि तंबोरा निमूटपणे तिथे जातो. ४४० किंवा ४३२ चा करार ज्या स्वराबद्दल आहे, ती पेटीवरची पांढरी सहा. आता समजा एखादा गायक काळी एकमध्ये यमन गातो आहे. त्याच्या षड्जाच्या हिशोबाने पांढरी सहा हा कोमल धैवत होतो, आणि यमनात कोमल धैवत लागतच नाही. पेटी ४३२ वर उतरवून घेतली, तासभर यमन रंगला, तरी ४३२ चा तो स्वर त्यात एकदाही येणार नाही. बाकीच्या स्वरांच्या वाट्याला २७२.१४ सारखे अपूर्णांकच येणार. आणि मींडेचं काय? मध्यमावरून गंधारावर उतरणारा गळा वाटेतल्या प्रत्येक वारंवारितेवरून जातो, थांबत कुठेच नाही. बासरीचं तर विचारूच नका. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि स्वर अंशाला साधारण तीन सेंटने चढतो. सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग. ४४० आणि ४३२ यांत जेमतेम ३२ सेंटचं अंतर आहे. म्हणजे पहाटेच्या गारव्यातली आणि दुपारच्या उन्हातली तीच बासरी, त्याच फुंकरीला, एवढं अंतर काहीही न करता ओलांडते. मग तीच बासरी पहाटे पवित्र आणि दुपारी अपवित्र झाली का?

वाळूच्या आकृत्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुरावा म्हणून त्याच पुढे केल्या जातात आणि मला त्या मनापासून आवडतात. एर्न्स्ट क्लाडनीने १७८७ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. पत्र्याच्या कडेवरून गज फिरवला की वाळू थरथरणाऱ्या भागांवरून उडते आणि जिथे पत्रा स्थिर आहे त्या रेषांवर जाऊन बसते. १८०९ मध्ये त्याने हा प्रयोग नेपोलियनला दाखवला. नेपोलियनने त्यामागच्या गणितासाठी बक्षीस जाहीर करवलं आणि १८१६ मध्ये ते सोफी जर्मेन या स्त्रीने जिंकलं, अशा काळात की जेव्हा विज्ञानाचे दरवाजे स्त्रियांना जवळजवळ बंद होते. प्रत्येक पत्र्याच्या स्वतःच्या काही ठराविक वारंवारिता असतात. त्या लांबी-रुंदी, जाडी आणि धातू यांवरून ठरतात. त्यांपैकी एखादीवर आकृती लख्ख उमटते, दोन वारंवारितांच्या मध्ये वाळू गोंधळते. माझ्याकडे दोन पत्रे आहेत. एकावर ४४० च्या जवळ सुरेख नक्षी येते, दुसऱ्यावर या दोन्ही आकड्यांना काहीच धड होत नाही. त्या चित्रफितीत ४३२ ला कमळ दिसतं, कारण पत्रा तसा होता. तो थोडा जाड घेतला असता तर कमळ दुसरीकडे उमललं असतं. ज्यांना शंका असेल त्यांनी दोन वेगळ्या जाडीचे पत्रे घ्यावेत आणि स्वतः पाहावं. एका संध्याकाळचं काम आहे.

स्वतः पाहावं, हे मी उगाच म्हणत नाही. पायथागोरसबद्दल एक जुनी आख्यायिका आहे. लोहाराच्या दुकानावरून जाताना त्याला हातोड्यांचे आवाज एकमेकांशी जुळलेले वाटले. त्याने हातोडे तोलले, वजनांची गुणोत्तरं २:१, ३:२ अशी भरली. मग तीच वजनं तारांना टांगली आणि तेच स्वर मिळाले. ही गोष्ट दीडएक हजार वर्षं विद्वान एकमेकांना सांगत राहिले. ती खोटी आहे. सप्तक वर जायला ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. इतक्या शतकांत तारेला वजन टांगून पाहणं कुणालाच अशक्य नव्हतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते करून दाखवलं एका ल्यूटवादकाने, विन्चेन्झो गॅलिलेईने. गॅलिलिओचे हे वडील. संख्या सुंदर होती, सांगणारे आदरणीय होते, म्हणून कुणी खुंटीला हात लावला नाही. आजच्या आकड्याचं याहून वेगळं काय चाललं आहे?

दुसऱ्या तटाला माझा एवढाच सवाल आहे. “कानाला फरक कळत नाही” असं म्हणताना तुम्ही तरी कान लावून पाहिलात का? ३२ सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. दोन्ही एकामागून एक वाजवा, गाण्याचं शिक्षण नसलेल्या माणसालाही कळेल. विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्याने न तपासलेलं विधान करावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. आणि “सगळे मनाचे खेळ” असं म्हणून ऐकणाऱ्याचा अनुभव झटकून टाकला की तो माणूस विज्ञानापासून कायमचा दूर जातो. त्याला काहीतरी वेगळं ऐकू आलं होतं. त्याचं कारण त्याने चुकीचं सांगितलं, म्हणून त्याचं ऐकणं खोटं ठरत नाही. फिरणाऱ्या ध्वनिफितींपैकी काही नुसत्या मंदावलेल्या असतात: स्वर उतरतो, त्याबरोबर लयही पावणेदोन टक्क्यांहून थोडी जास्त मंदावते. निवांत वाटायला तेवढंही पुरे असू शकतं.

आता ज्या बिघाडाबद्दल कुणी विचारत नाही, त्याकडे येते. ४४० आणि ४३२ एकदम वाजवले तर सेकंदाला आठ विस्पंद ऐकू येतील, कानाला खुपतील. पण ते दोन स्वर कधीच एकत्र वाजत नाहीत. एका मैफलीत सगळे एकाच कराराने लावलेले असतात, त्यामुळे ते आठ हेलकावे कागदावरच राहतात. गंधाराचं तसं नाही. तंबोऱ्याच्या षड्जातून निघणारा स्वयंभू गंधार षड्जाशी ५:४ या गुणोत्तरात असतो. पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं असल्यामुळे तिचा शुद्ध गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. षड्ज २४० हर्ट्झचा धरा. त्याचा पाचवा संनादी, म्हणजे मूळ स्वराबरोबरच निघणारा त्याच्या पाचपट वारंवारितेचा सूर, १२०० वर येतो. पेटीचा गंधार सुमारे ३०२.४, त्याचा चौथा संनादी १२०९ च्या पुढे. हे दोन प्रत्यक्षात एकत्र वाजतात, आणि सेकंदाला नऊ-दहा हेलकावे घेत एकमेकांना घासतात. पेटीवर गंधार धरला की दरवेळी. पेटी ४३२ वर उतरवा, हेलकावे जवळपास तेवढेच राहतील. शुद्धतेसाठी जीव टाकणाऱ्यांच्या कानाआड हे कसं होतं?

आपल्या आधीच्या पिढ्यांच्या कानाआड ते नव्हतं. १९४० मध्ये आकाशवाणीवरून पेटी बंद झाली आणि १९७१ पर्यंत बाहेर राहिली. मला ती बंदी चुकीची वाटते. पेटीने असंख्य घरांत सूर पोचवला आणि उत्तम वादक दोष झाकून तिला गळ्यामागे चालवतात. पण तो वाद योग्य प्रश्नावर होता: या सुरांची आपसातली नाती बरोबर आहेत का? त्याही आधी, १९१० च्या सुमाराला, सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवत आणि प्रत्येक स्वराची जागा तारेवर मोजत. सरकारी नोकरी संपलेला माणूस पूर्ववयातलं सगळं बाजूला ठेवून श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या २२ सूक्ष्म स्वरस्थानांच्या, मागे लागतो, हे चित्र मला फार जवळचं वाटतं. देवलांनी काढलेले २२ नेमके आकडे पुढे टिकले नाहीत. १९६३ मध्ये जैराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी यंत्राने मोजलं तेव्हा एकाच मैफलीत एकाच कलावंताचा एकच स्वर जागा बदलताना आढळला. म्हणजे गुणोत्तरसुद्धा दगडावरची रेघ नव्हे. कलावंत तिच्या आसपास अर्थपूर्ण हालचाल करतो. पण हे कळलं ते मोजल्यामुळे आणि ऐकल्यामुळे, दोन्ही एकत्र केल्यामुळे.

तंबोऱ्यातला खरा चमत्कार पाहायचा असेल तर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये लिहिलेलं पाहावं. तारेच्या भौतिकशास्त्रातला एक प्रस्थापित नियम असा होता की ज्या बिंदूवर तार छेडाल, तिथे ज्या संनादींचा स्थिर बिंदू पडतो ते संनादी आवाजात येणार नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा गायब व्हायला हवेत. रामन यांनी तंबोऱ्यावर करून पाहिलं आणि ते सगळे ठणठणीत ऐकू आले. कारण घोडी. ती धारदार नाही, पसरट आणि किंचित उतरती आहे. प्रत्येक कंपनात तार तिच्या पाठीवर टेकते आणि सुटते, आणि तारेखालचा जिवाचा दोरा योग्य जागी सरकवला की हे टेकणं-सुटणं वरच्या संनादींना सतत ऊर्जा देत राहतं. मृदंगाचंही तसंच. नुसत्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर १.५९, २.१४ असे बेसूर पटीत असतात, म्हणून साधा ढोल सुरात लागत नाही. मधली शाई ते उपस्वर ओढून १, २, ३, ४, ५ अशा सुरेल ओळीत आणते. पहिली नऊ कंपनं पाच संनादींत बसतात. वेगवेगळ्या भोपळ्यांवर, वेगवेगळ्या कातड्यांवर, हर्ट्झचं नावही न ऐकलेल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानाने हे साधलं. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगायला यापेक्षा भक्कम जागा कोणती हवी? आणि ती सोडून आपण परक्या कराराचा एक आकडा परक्या सेकंदात मोजून त्याला प्राचीन म्हणायचं?

“पण मॅडम, कुणाला बरं वाटत असेल तर बिघडलं काय?” हा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा चांगल्या मनाने विचारलेला असतो. जो खालच्या पट्टीत गातो, ऐकतो, शांत होतो, त्याचं काहीच बिघडत नाही. त्याने तसंच करावं. बिघडतं ते संगीताची गोळी करून आजारी माणसाला विकली जाते तेव्हा. आणि वीस वर्षांचा एखादा मुलगा तंबोऱ्यासमोर बसूनही स्क्रीनवरचा आकडा हिरवा झाला का तेवढंच पाहतो, तेव्हा बिघडतं.

गेल्या खेपेला तोच प्रश्न विचारणाऱ्या एका मुलाला मी व्यासपीठावर बोलावलं, फोन बाजूला ठेवायला सांगितला आणि जोडीच्या दोन तारा एकीवर एक न बसणाऱ्या करून दिल्या. “हेलकावे मोज,” म्हटलं. सुरुवातीला ते इतके जलद होते की मोजता येईनात. त्याने मणी जरासा सरकवला. सेकंदाला चार झाले, मग दोन, मग एक लांब लाट, मग तीही विरली. पाच-सहा मिनिटं गेली असतील. चारही तारा छेडत राहिला आणि अचानक म्हणाला, “कुठली तार हा वरचा सूर देतेय?” मी काही सांगितलं नाही. त्याने एकेका तारेवर बोट ठेवून पाहिलं. पंचमावर ठेवलं, गंधार राहिला. जोडीवर ठेवलं, थोडा फिका झाला. खर्जावर ठेवलं आणि गंधार गेला. त्याने बोट उचललं, तार पुन्हा छेडली, आणि कान घोडीजवळ नेला.